वाचक विचारतात: मिरची लाल, पानं हिरवी, मग फोटोत दोन्ही सारखी का?

मागच्या अंकात ब्लॅक अँड व्हाइट फोटोंबद्दल काही अडत असेल तर विचारा म्हटलं होतं आणि निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळीकडून पत्रं आली, खूप बरं वाटलं. मी स्टुडिओवाली नाही, शाळेतली नोकरी करत करत तीसेक वर्षं हा नाद जपलाय, पहिला रोल इंदूचा होता, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, आणि आता रोल आणि डिजिटल दोन्ही चालू आहे. स्वतः करून बघितलंय तेवढंच सांगते.

ताई, आमच्या रानात मिरचीची तोडणी चाललीय. झाडावर लालभडक मिरच्या, मागं हिरवीगार पानं, डोळ्याला लई भारी दिसतंय, पण फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की मिरची कुठली आणि पान कुठलं तेच कळंना झालंय, सगळं एकसारखंच दिसालंय. मोबाईल बदलू काय? – एक वाचक, संकेश्वर

मोबाईल अजिबात बदलू नका, पैसे वाचवा. तुमच्या डोळ्याला जो फरक दिसतोय तो रंगाचा आहे, उजेडाचा नाही, आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंग गेला की मागं राहतो तो फक्त उजेड. थोडं गणित करून बघू, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. डिजिटल फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. नुसता रंग काढून टाका म्हटलं की बरेच प्रोग्राम लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के आणि निळ्याचे ११ टक्के घेऊन बेरीज करतात, कारण आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ दिसतो आणि निळा कमी. आता समजा तुमची मिरची आहे लाल १८०, हिरवा ४०, निळा ३०. बेरीज येते ८१. आणि पान आहे लाल ६०, हिरवा १००, निळा ४०. त्याचीही बेरीज ८१! म्हणजे दोन्ही एकाच राखाडीत गेले, मिरची पानात हरवली.

उपाय असा की ही टक्केवारी आपण ठरवायची. जिंपमध्ये रंगांच्या मेनूत डिसॅच्युरेटखाली मोनो मिक्सर आहे, लाइटरूममध्ये प्रत्येक रंगाचा वेगळा स्लायडर मिळतो, मोबाईलवर स्नॅपसीडमधल्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगांचे फिल्टर आहेत. सगळा भर लालवर दिला तर मिरची १८० आणि पान ६०, म्हणजे काळपट झाडावर उजळ मिरच्या. सगळा भर हिरव्यावर दिला तर मिरची ४० आणि पान १००, उजळ पानांत काळ्या मिरच्या. रोलवाले हेच काम लेन्ससमोर काच लावून करतात, लाल फिल्टर लाल उजळवतो आणि आकाशाची निळाई गडद करतो पण तीन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), हिरवा फिल्टर पानं उजळवतो.

यातलं कुठलं घ्यायचं? मला विचाराल तर मिरचीसाठी मी हिरव्याकडं झुकते. लालवर जोर दिला की मिरची सपाट होते, प्लास्टिकची असल्यासारखी, सालीवरची सुरकुती जाते, आणि खळ्यावर वाळत घातलेल्या मिरचीत तर सुरकुती हीच खरी बघण्यासारखी गोष्ट. गडद मिरचीवर तिरक्या उन्हाची बारीक चमक आली की सुरकुती न सुरकुती दिसते. त्यासाठी सकाळी आठच्या आत जावं, दुपारी बारा वाजता वरून पडणाऱ्या उन्हात काहीच हाती लागत नाही.

आणि एक चूक बरेच जण करतात ती करू नका, मोबाईलचा मोनो फिल्टर लावून थेट काळा-पांढरा जेपेग घेऊ नका, त्यात रंग फेकले गेलेले असतात मग मिक्सर चालवणार कशावर. प्रो मोडमध्ये रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, मिळत असेल तर ती घ्या. कॅमेरा असेल तर रॉ ठेवून फक्त पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करा, म्हणजे स्क्रीनवर काळं-पांढरं दिसतं, नजर तयार होते, आणि फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६३८४. आकाश गडद करायला स्लायडर जोरात ओढला की जेपेगमध्ये पट्टे पडतात ते यामुळंच.

आमच्या पणजीचा जुना फोटो सापडला. कपाळावरचं कुंकू एकदम काळं दिसतंय, घरात कोण म्हणतंय बुक्का असेल, कोण म्हणतंय फोटो खराब झाला. नक्की काय? – एक वाचक, खानापूर

मला हा प्रश्न फार आवडला. कुंकूच असणार हो, फोटोही खराब झालेला नसेल. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांना फक्त निळा आणि जांभळा उजेड कळायचा. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना कळलं की प्लेटच्या रसायनात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं की ती हिरव्यालाही दाद देते, त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आल्या, पण लाल अजूनही त्यांच्या दृष्टीनं अंधारच होता. सगळे रंग पकडणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आल्यावरही पुष्कळ स्टुडिओत ऑर्थोच चालायची, कारण ती लाल बल्बच्या उजेडात बघत बघत धुता येते. तिला लाल दिसतच नाही, म्हणून कुंकू काळं, लाल काठ काळा, ओठ गडद. त्याच फोटोत बाहेरचं आकाश असेल तर बघा, कोरं पांढरं असेल, ढग नाहीत, ते निळ्यामुळं.

म्हणून विनंती, तो फोटो मोबाईलच्या ॲपवर टाकून रंगीत करून घेऊ नका. ॲप अंदाजानं रंग भरतं, काळं कुंकू त्याला काळंच वाटणार. फ्रेममधून काढताना काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

मामांचा जुना फिल्म कॅमेरा मिळालाय. एचपी५ रोल आणि आयडी-११ डेव्हलपर मागवलाय, घरीच धुवायचं म्हणतोय. सगळीकडं २० डिग्री लिहिलंय, आमच्याकडं एप्रिलमध्ये बादलीतलं पाणीच २८-२९ असतं. काय करू? – एक कॉलेज विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

कर बाबा, घरीच कर, निगेटिव्ह पहिल्यांदा रीळावरून उलगडताना जे वाटतं ते कशातच नाही.

नुसता आयडी-११ स्टॉक, म्हणजे वरून पाणी न मिसळता, वापरला तर एचपी५ ला २० डिग्रीवर साडेसात मिनिटं लागतात. तापमान एक डिग्री वाढलं की वेळ साधारण दहा टक्के कमी, म्हणजे २४ ला जेमतेम पाच मिनिटं होतात. पाचाच्या खाली गेलं की ओतायला काढायला जो वेळ जातो त्यातच फरक पडतो आणि आकाशात डाग-पट्टे येतात. म्हणून उन्हाळ्यात डेव्हलपर पाण्यात निम्म्याला निम्मं करून घे, त्याला २० डिग्रीवर तेरा मिनिटं लागतात, २४ वर साडेआठ-नऊ, आरामात जमतं. २९ वरून २४ वर आणायला टबात पाणी घेऊन सगळ्या बाटल्या त्यात उभ्या कर आणि बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टबात सोड, डेव्हलपरमध्ये बर्फ टाकू नकोस, मिश्रण पातळ होतं. डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन), धुवायचं पाणी सगळं एकाच तापमानाच्या आसपास पाहिजे, त्यात मोठा फरक पडला तर फिल्मवरचा थर सुरकुततो.

टँक (फिल्म धुवायचा बंद डबा) पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटा-सुलटा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तसंच चार वेळा, आणि प्रत्येक वेळी खाली ठेवताना हलकेच आपट, बुडबुडे सुटतात. हायपोला किती वेळ द्यायचा हे आधीच बघून ठेव: रोलचं कापलेलं टोक हायपोत टाक, दुधाळ आहे ते पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच दाखवलं होतं, फोटोग्राफी जगासमोर यायच्या वीस वर्षं आधी, आणि आजही आपण तेच वापरतोय! वापरलेल्या हायपोत ती चांदी असते म्हणून तो परसात, झाडाला, विहिरीजवळ ओतू नकोस.

धुवायला नळ सोडून ठेवायची गरज नाही, उन्हाळ्यात तेवढं पाणी आणायचं कुठून. टँकमध्ये पाणी भर, पाच वेळा उलट कर, ओत. परत भर, दहा वेळा. परत भर, वीस वेळा. इलफर्डची ही पद्धत आहे आणि तीन टँक पाण्यात काम होतं. शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको, क्षारांचे पांढरे ठिपके निगेटिव्हवर वाळतात, डिस्टिल्ड पाणी आण आणि त्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे थेंब न साचता पाणी निथळू देणाऱ्या द्रावणाचे, दोन-तीन थेंब.

वाळवायचं बाथरूममध्ये. मी एकदा एप्रिलच्या दुपारी रोल गॅलरीत टांगला होता, भाचीच्या बारशाचा होता, वारं सुटलं आणि आपली ती लाल धूळ ओल्या थरात रुतून बसली, ती कशानंही निघाली नाही, आजही त्या फोटोंवर पांढरे ठिपके आहेत. तेव्हापासून बाथरूममध्ये पाच मिनिटं गरम पाणी सोडते, वाफेनं धूळ खाली बसते, रोल टांगते, खाली चिमटा लावते आणि चार तास दार कुणाला उघडू देत नाही.

बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीचे फोटो काढले. आतला दगड काळसर आहे पण फोटोत पांढुरका, फिकट आलाय. – एक वाचक, शहापूर

कॅमेऱ्याला दगड काळा आहे हे माहीत नसतं, समोर जे असेल ते मधल्या राखाडीत, १८ टक्के उजेड परत फेकणाऱ्या, आणायचं एवढंच त्याला कळतं. काळा दगड फ्रेमभर असला की तो उजळ करून ठेवतो. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास झोन सिस्टिम बसवली ती याचसाठी, कुठला भाग किती काळा यायला पाहिजे हे आपण आधी ठरवायचं. त्यात मधली राखाडी पाचवा झोन आणि जिथं काळेपणातही पोत दिसायला पाहिजे तो तिसरा. म्हणजे खांबाच्या गडद बाजूवर स्पॉट मीटर (तेवढ्याच छोट्या भागाचा उजेड मोजणारा) लावा आणि मीटर सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या. १२०४ मध्ये रट्ट राजांच्या मंत्र्यानं, बिचिराजानं बांधलेली वास्तू आहे ती, दगड काळाच दिसला पाहिजे. छतातलं कमळ घ्यायला खाली ठेवून वर तोंड केलेला कॅमेरा आणि सेल्फ टायमर चालतो, काय चालतं काय नाही ते तिथल्या माणसाला विचारून घ्या.

चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत भंडारा उधळतानाचे फोटो घेतले, काळे-पांढरे केल्यावर भंडाराच गायब. – एक वाचक, रायबाग

मिरचीचीच गोष्ट, फक्त उलटी. पिवळा रंग राखाडीत फार उजळ येतो, आणि मागं पांढरी धोतरं, पांढुरकं आकाश, तर पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं. पिवळ्याचा स्लायडर खाली ओढला तर भंडारा थोडा गडद होतो पण दाणेदारपणा वाढतो, मला ते आवडत नाही. त्यापेक्षा जागा बदला. मागं सावलीतली भिंत किंवा झाडांची काळोखी येईल असं उभं राहा आणि ऊन समोरून, भंडाऱ्याच्या पलीकडून येऊ द्या, मग कण न् कण पेटल्यासारखा दिसतो. शटर १/५०० किंवा त्याहून जलद. एक्सपोजर उजळ भागाकडं बघून ठेवा, डिजिटलमध्ये जळालेलं पांढरं परत येत नाही, रोलच्या बरोबर उलटं, तिथं सावलीला उजेड कमी पडला तर ती कायमची गेली. यात्रेत लेन्स बदलू नका, हळदीची पूड सेन्सरवर बसली की साफ करणं फार जिकिरीचं. आणि अंगात आलेल्या माणसाचा जवळून फोटो मी घेत नाही, नंतर शुद्धीवर आल्यावर विचारून, बोलून, मग घेते. तो फोटो जास्त चांगला येतो असा माझा अनुभव आहे.

लॅबमधून प्रिंट काढले तर सगळ्यांना हिरवट झाक. – एक वाचक, निपाणी

बहुतेक लॅबमध्ये काळा-पांढरा फोटोही रंगीत कागदावरच छापतात, तीन रंग समसमान पडले तर राखाडी दिसते, एक जरा सरकला की झाक. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या आणि मशिनचं ऑटो करेक्शन बंद ठेवा असं ऑपरेटरला स्पष्ट सांगा. तरीही आली तर फाइलला स्वतःच किंचित तपकिरी टोन द्या, थोडी झाक त्यात लपते. आधी एकच ४ बाय ६ काढून घ्या, ट्यूबलाइटखाली नको, दिवसा खिडकीपाशी बघा, आणि ती पटली तरच मोठ्या प्रिंटची ऑर्डर द्या.