उड्डाणाचं जीपीएस रेकॉर्डिंग सिम्युलेटरमध्ये लावलं की विमान जमिनीत जातं आणि गचके खातं. अचूकता कशी वाढवू?

महागडा रिसीव्हर घेण्याआधी उंची तपासा. तुमचं विमान साठ-सत्तर मीटर खाली गेलं असेल तर रिसीव्हर बिचारा बरोबर आहे.

मी साताऱ्याचा. पाचगणीला पॅराग्लायडिंग करतो आणि घरी येऊन तेच उड्डाण सिम्युलेटरवर बघायचा नाद आहे. पहिल्या वेळी टेकडीवरून उडण्याऐवजी मी थेट तिच्या पोटातून बाहेर आलो! जीपीएसची मूळ उंची डब्ल्यूजीएस-८४ या गणिती लंबगोलावरून मोजलेली असते. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या ६० मीटरांहून जास्त खाली आहे, त्यामुळे आकडा तेवढा कमी येतो. काही उपकरणं ही दुरुस्ती स्वतः करतात, काही नाही. आयजीसी फाईलमध्ये (ग्लायडिंगच्या उड्डाणाची नोंद ठेवायच्या ठरलेल्या प्रकारात) तर दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून उडण्याआधी दोन मिनिटं जमिनीवर नोंद घ्या, त्या जागेच्या माहीत असलेल्या उंचीशी ताडून बघा आणि येईल तो फरक सगळ्या फाईलला लावा.

उपग्रह फक्त डोक्यावरच असतात, पायाखालचे पृथ्वीआड जातात. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट धरा. फाईलमध्ये हवेच्या दाबाची उंची असेल तर चढउतार तिच्यातून घ्या, जीपीएसवरून फक्त पाया बसवा.

आता गचके. कराडच्या धावपट्टीवरून उडालेलं शिकाऊ विमान १०० नॉट्सनी सेकंदाला ५१ मीटर जातं. सेकंदाला एक नोंद असेल आणि ठिपके सरळ रेषेने जोडले, तर प्रत्येक ठिपक्यावर कोपरा दिसणारच. शक्य असेल तर सेकंदाला ५ किंवा १० नोंदी घ्या. वेग मात्र दोन ठिपक्यांच्या वजाबाकीतून काढू नका. रिसीव्हर तो डॉप्लरवरून, म्हणजे उपग्रहाच्या लहरींच्या वारंवारतेतल्या बदलावरून, वेगळा मोजतो आणि तो कितीतरी स्वच्छ असतो. जागा आणि वेग दोन्ही पाळणारा हर्माइट वक्र काढा, निम्मं दुखणं तिथेच जातं. पंखांचा कलही मग वळणावरून निघतो: याच वेगाला सेकंदाला ३ अंश वळण म्हणजे साधारण १५ अंश कल. नाकाची दिशा मात्र जीपीएसला कळत नाही. वारा आडवा असेल तर विमान तिरकं उडतं, तेवढं हाताने घाला.

‘गगन’ या जीपीएसच्या चुका सुधारणाऱ्या भारतीय उपग्रह यंत्रणेचे सुधारणा-संदेश घेणारं मॉड्यूल मिळालं तर जरूर घ्या, आणि त्यात हवाई मोड (विमानातल्या वापरासाठीची सेटिंग, फोनचा एअरप्लेन मोड नव्हे) निवडा. सेंटिमीटरची अचूकता हवी असेल तर जमिनीवर दुसरा रिसीव्हर ठेवून नंतर दोघांच्या कच्च्या नोंदी जुळवाव्या लागतात. सिम्युलेटरचा भूभागच काही मीटर चुकलेला असतो, त्यामुळे मी त्या भानगडीत पडलो नाही.

आणि फोन खिशात ठेवू नका, पुढच्या काचेखाली ठेवा.