किलोमीटर बघू की किंमत बघू?

प्रश्न : नमस्कार. मी खानापूरला राहतो, शाळा बेळगावात आहे, रोज जाऊन-येऊन करतो. इतकी वर्षं बाईकवर काढली पण आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, जून ते सप्टेंबर नुसते हाल, म्हणून आता सेकंड हॅन्ड कार घ्यायची ठरवलंय. दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही स्विफ्ट, दोन्ही पेट्रोल. एक २०१७ ची, केए-२२ पासिंग, सिंगल ओनर, रनिंग १ लाख १८ हजार, मालक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, निपाणी, धारवाड, गोकाक असं त्याचं फिरणं, ३ लाख ६० हजार म्हणतोय. दुसरी २०१६ ची, एमएच-०९, कोल्हापूरच्या एका रिटायर्ड माणसाची, रनिंग फक्त ३१ हजार, गाडी एकदम चकाचक, पण ४ लाख ७५ हजार सांगतायत. मेव्हणा म्हणतोय लाखाच्या वर गेलेली गाडी म्हणजे इंजिनकाम आलंच, कमी रनिंगचीच घ्या. घरी आई आहे, दोन मुलं आहेत, वर्षातून एक-दोनदा गोव्याला जाणं होतं. पाच वर्षं तरी गाडी ठेवायची आहे. काय करू?
— एक शिक्षक, खानापूर

उत्तर : सर, माझं मत विचाराल तर १ लाख १८ हजारवाली घ्या, पण आधी सर्व्हिसची हिस्टरी काढून आणि उरलेल्या पैशातले पन्नास-साठ हजार बाजूला ठेवून. आता असं का म्हणतोय ते जरा सविस्तर सांगतो, कारण मेव्हण्याला पटवायला तुम्हाला ते लागणारच.

गाडी किती पळाली यापेक्षा कशी पळाली हे मोठं. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची गाडी सकाळी निघते आणि हायवेवर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये तास तासभर एका लयीत पळते, इंजिन पूर्ण गरम होतं, ऑइल नीट फिरतं, क्लच कमी दाबला जातो, ब्रेक कमी लागतो. असे लाखभर किलोमीटर इंजिनला जड जात नाहीत. या स्विफ्टच्या १.२ पेट्रोल इंजिनला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा, नाही, चेन आहे, त्यामुळं लाखावर गेली की बेल्ट बदला ही भानगडही नाही, आणि ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असेल तर ही इंजिनं दोन लाखाच्या पुढं सहज जातात. लाख झाले की इंजिनकाम हा जुन्या गाड्यांचा हिशोब आहे, तो लोकांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

आता दुसरी बघू. नऊ-दहा वर्षांत ३१ हजार म्हणजे वर्षाला तीन-साडेतीन हजार, महिन्याला तीनशेसुद्धा नाही. म्हणजे गाडी उभीच होती, आणि जेव्हा निघाली तेव्हा दवाखाना, मंडई, देऊळ अशी दोन-तीन किलोमीटर जाऊन परत आली असणार. एवढ्याशा अंतरात इंजिन नीट तापतच नाही, आत जे पाणी धरतं ते उडून जात नाही, थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल खराब होतं. कंपनी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा सर्व्हिस करा म्हणते, पण असे मालक बहुतेक वेळा किलोमीटरच बघतात, गाडी फिरलीच नाही तर ऑइल कशाला बदलायचं असं म्हणतात, आणि मग दोन-दोन वर्षं तेच काळं ऑइल आत राहतं. रबराचंही तसंच, बुश, होज, दरवाजाच्या बीडिंग, वायपर, हे सगळं वयानं कडक होतं, मीटर बघून नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, एसीचं कॉम्प्रेसर महिनोन्‌महिने चाललं नाही तर सील सुकून गॅस निघून जातो, आणि उभ्या गाडीत उंदीर वायरिंग कुरतडतात तो खर्च तर आधी अंदाजच करता येत नाही.

ती गाडी परत बघायला जाल तेव्हा खाली बसून टायर बघा. टायरच्या बाजूला एक लांबट चौकट असते, त्यात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. २३१६ असेल तर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. टायरची बटणं, म्हणजे वरची नक्षी, चांगली उंच दिसतील, विकणारा नखानं दाबून दाखवेल, पण नऊ वर्षांचं रबर आहे ते, कडेला बारीक भेगा पडलेल्या असतात, अशा टायरवर मुलांना बसवून चोर्ला घाट उतरू नका, चारही बदलायचे म्हणजे वीस हजाराच्या आसपास गेले. आणि उलट समजा आकडे २०२० किंवा २०२१ चे निघाले आणि टायर बऱ्यापैकी झिजलेले दिसले, तर विचारा की ३१ हजारात पहिला सेट संपून दुसराही कसा काय झिजला. वय झालं म्हणून बदलले असतील तर बिल असेल. बिलही नाही आणि उत्तरही नीट येत नाही, तर मीटर मागं फिरवलेलं असू शकतं. हे काम डिजिटल मीटरलाही सर्रास करतात. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा, स्टिअरिंगचा वरचा भाग, गिअरच्या मुठीवरचे आकडे, ड्रायव्हर सीटची उतरायच्या बाजूची कड, ३१ हजारात हे सगळं जवळजवळ नवं राहायला पाहिजे.

याच्यापेक्षा खात्रीचं म्हणजे गाडीचा नंबर घेऊन मारुतीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, मालकालाच सोबत न्या म्हणजे ते अडवणार नाहीत. तिथं झालेल्या प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्यावेळचं रनिंग कॉम्प्युटरवर असतं. दोन्ही गाड्यांचं काढा. रिप्रेझेंटेटिव्हच्या गाडीचा आकडा वर्षागणिक सरळ चढत गेलेला दिसला, मध्ये मोठा खंड नाही, तर ती गाडी निम्मी पास झाली म्हणायचं. मध्येच दोन वर्षं कुठं नोंदच नसेल तर बाहेरच्या गॅरेजची बिलं मागा, ती पण नसतील तर माझं वरचं मत मागं घेतो आणि तुम्ही तिसरी गाडी बघा.

बाकी तपासणीला तुमचा ओळखीचा मेकॅनिक न्या, बेळगावच्या उद्यमबागेत कामाची माणसं भरपूर आहेत, त्यांना त्यांचे पैसे द्या आणि तास-दीड तास नीट बघायला सांगा. मालकाला आधीच सांगून ठेवा की सकाळी मी येईपर्यंत स्टार्ट करू नका, आणि गेल्या गेल्या बॉनेटला हात लावून बघा गार आहे का. गार इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, पांढरट लोण्यासारखं साठलेलं असेल तर पाणी मिसळतंय, मग ते थोड्या अंतराच्या वापरानं असेल नाहीतर हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या पॅकिंगचं, काम असेल, मेकॅनिकला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. क्लचसाठी चढावर घ्या, वंटमुरीचा घाट त्याला चांगला, चौथ्या गिअरमध्ये हळू स्पीडला ॲक्सिलरेटर दाबा, इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मात्र पुढं ओढत नाही असं झालं की क्लचप्लेट संपली. गाडीखालीही टॉर्च मारून बघा. आपल्या खानापूर तालुक्यातला पाऊस आणि लाल चिखल, किनाऱ्याकडं राहिलेली असेल तर खारी हवा, गंज खालून सुरू होतो आणि वरच्या पॉलिशवरून काही कळत नाही.

खर्चाचं बोलू. लाखावर गेलेल्या गाडीत पुढच्या वर्षभरात क्लच, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, एखादा शॉकअप, बॅटरी, टायर असं निघणार हे धरूनच चला, सगळं एकदम आलं तरी पन्नास-साठ हजारात बसतं. दोन गाड्यांत फरक १ लाख १५ हजाराचा आहे. म्हणजे सगळं नवं टाकूनही पन्नासेक हजार हातात राहतात, आणि बरेच पार्ट नवे झालेली गाडी तुम्हाला मिळते. कमी रनिंगवालीत टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, कूलंट, बीडिंग असे तीस-पस्तीस हजार तर लगेच जाणार, वर राज्य बदलायचा खर्च वेगळा.

हे राज्याचं आपल्या भागात लोक फार हलक्यात घेतात. पाहुणे कोल्हापूर-चंदगडला, पत्ता तिकडचा, गाडी एमएच आणि फिरते बेळगावात, चालतंय की म्हणतात. पण मोटार वाहन कायद्याप्रमाणं दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावाच लागतो. तुम्ही तर रोज बेळगावात जाणार. मग कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग इथं नव्या नंबरचा अर्ज, आणि गाडीच्या वयाप्रमाणं कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो पण तो मूळ मालकाच्या सह्या-कागदांशिवाय होत नाही, म्हणून व्यवहार करतानाच त्यांच्याकडून ते कबूल करून घ्यायचं. टॅक्सचा आकडा आरटीओत जाऊन लेखी काढून घ्या आणि ४ लाख ७५ हजारात मिळवून बघा, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. केए-२२ वाल्या गाडीला यातलं काहीच नाही, बेळगाव आरटीओतच फॉर्म २९ आणि ३० देऊन नाव बदलतं. गाडीवर कर्ज असलं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, दंडाची जुनी चलनं बाकी असतील तर ती त्यांनाच भरायला लावा. इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही, त्यामुळं प्रीमियम थोडा वाढेल.

भावाचं पण बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या तर जुन्यांचे भाव तेच कसे राहतील? दोघांनाही हे तोंडावर सांगा. रिप्रेझेंटेटिव्हच्या गाडीला मी सव्वातीनपासून सुरू केलं असतं.

कमी रनिंगला मी सरसकट नाव ठेवत नाही. तुमचं येणं-जाणं रोजचं पन्नासेक किलोमीटर, वर्षाला पंधरा हजाराच्या घरात, पाच वर्षांनी पहिली गाडी १ लाख ९० हजारावर असेल आणि विकताना फार काही हाती येणार नाही, दुसरी एक लाखाच्या थोडी वर असेल आणि तिला गिऱ्हाईक मिळेल, हे खरं आहे. म्हणून त्या कोल्हापूरच्या गाडीची दरवर्षीची सर्व्हिस सापडली, मीटर खरं निघालं आणि ते चारच्या आसपास खाली आले तर जरूर घ्या, टॅक्स धरूनही परवडेल. पण पावणेपाचला नाही सर, त्यासाठी वाढीव कर्ज काढून तर अजिबातच नाही. आई आणि मुलांसाठी घेताय, तर दोन्हीपैकी कुठल्याही गाडीत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) असलेलंच मॉडेल आहे ना हे आरसी आणि व्हेरियंट बघून पक्कं करा, त्या काळात ते प्रत्येक व्हेरियंटला येत नव्हतं.

प्रश्न : निपाणीत माझं दुकान आहे. २०२१ ची डिझेल एसयूव्ही मिळतेय, रनिंग फक्त २२ हजार. माझा वापर घर ते दुकान आणि गावातल्या गावात. कमी रनिंग आहे म्हणून घ्यावी का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमच्या वापराला नको. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या, डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. ती काजळी आतल्या आत जळायला गाडी हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग पळावी लागते. गावातल्या गावात फिरलं की ती साठत जाते, लाइट लागते, गाडी पिकअप सोडते आणि फिल्टर बदलायची वेळ आली तर खर्च मोठा आहे. आधीच्या मालकानं पण गावातच फिरवून २२ हजार केले असतील तर फिल्टर अर्धा भरलेलाच तुमच्या गळ्यात येईल. पेट्रोल बघा. आणि मन त्याच गाडीवर बसलं असेल तर घेण्याआधी स्कॅनर लावून डीपीएफ किती भरलाय ते बघायला सांगा, आणि नंतर आठवड्यातून एकदा हायवेनं संकेश्वरपर्यंत जाऊन येत चला.