वाळूची जमीन असूनही अहवालात निचरा ‘मध्यम’ का लिहिला आहे?

आपण वाळवा तालुक्यातले ऊस उत्पादक आहात, वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्रापासून थोड्या अंतरावर दीड एकर सपाट जमीन आपण पाहिली आहे आणि तिच्या माती अहवालात ‘वालुकामय, मध्यम निचऱ्याची किनारी मैदानी माती’ असा शेरा आहे. वाळूत ओतलेले पाणी बघता बघता जिरते, मग निचरा मध्यम कसा, आणि अशा जमिनीत आपल्याकडच्या अनुभवाचा कितपत उपयोग होईल, असे आपण विचारले आहे. मी सांगली जिल्ह्यातच माती परीक्षणाचे काम करतो. आपल्या भागातील शेतकरी किनाऱ्यालगत जमीन पाहू लागले की त्यांच्याकडून थोड्याफार फरकाने हाच प्रश्न येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

शेरा बरोबर असू शकतो. पाणी मातीत शिरण्याचा वेग आणि जमिनीचा निचरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत त्या एकत्रच बिघडतात, त्यामुळे आपल्याला त्या एकच वाटतात. काळी चिकण माती एकदा भिजून फुगली की तासाला जेमतेम १ ते ५ मिलिमीटर पाणी आत घेते, आणि वाळू ३० मिलिमीटरपेक्षा अधिक घेते. परंतु निचऱ्याचा वर्ग ठरवताना हा वेग एवढाच पाहिला जात नाही. पिकाच्या मुळांच्या थरात पाणी किती काळ साचून राहते आणि पावसाळ्यात भूजल पृष्ठभागापासून किती खोलीपर्यंत वर येते, हे त्यात प्रामुख्याने पाहतात. मृदा सर्वेक्षणात निचऱ्याचे सात वर्ग मानतात. त्यांतील मध्यम निचऱ्याच्या वर्गात भूजल वर्षातील काही काळ साधारणपणे ५० ते १०० सेंटिमीटर खोलीवर येऊन थांबते आणि नंतर उतरते. आपल्याकडे पाणी मातीच्या चिकटपणामुळे अडते, तर किनाऱ्याच्या सपाटीवर ते सहज खाली जाते आणि खाली आधीच पाणी असल्यामुळे तिथे थांबते.

या प्रकाराचा पाठ्यपुस्तकी नमुना अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मैदानात पाहायला मिळतो. नॉर्थ कॅरोलायना राज्यात नॉरफोक, गोल्ड्सबरो, लिंचबर्ग आणि रेन्स अशा नावांच्या चार माती-मालिका, म्हणजे सर्वेक्षणात नाव देऊन वेगळे केलेले मातीचे प्रकार, एकाच शिवारात शेजारी शेजारी आढळतात. चौघींचे मूळ द्रव्य समुद्रकाठी साचलेला गाळच आहे आणि वरचा थर वाळूमिश्रित आहे. मात्र नॉरफोक उत्तम निचऱ्याची, गोल्ड्सबरो मध्यम, लिंचबर्ग त्याहून कमी आणि रेन्स पाणथळ, असा क्रम लागतो. हा फरक भूजल किती वर येते यावरून पडतो, आणि त्यामागे जमिनीच्या उंचीतील फरक असतो, जो सपाटीवर उभे राहिल्यास डोळ्यांना जाणवतही नाही. तंबाखू, कापूस, भुईमूग आणि रताळी यांसाठी तो पट्टा प्रसिद्ध आहे. मध्यम निचरा म्हणजे टाकाऊ जमीन नव्हे, हे सांगण्यासाठी हा दाखला दिला. मात्र त्या मातीत वाळूखाली चिकणमातीचा थर असतो, आणि तो आपल्या जमिनीत असेलच असे गृहीत धरू नये.

कोकण किनाऱ्यावर भूजल वर येण्याची कारणे सरळ आहेत. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. जमीन समुद्रसपाटीपासून थोडीच उंच, उतार नगण्य, आणि भूजलाची पातळी भरती-ओहोटीच्या पातळीशी बांधलेली. पुळणीला समांतर असे वाळूचे जुने उंचवटे असतात आणि त्यांच्यामागे खोलगट पट्टे असतात. उंचवट्यावरची जमीन कोरडी, खोलगटातली ओली आणि मधली मध्यम, असे तिथे सरसकट दिसते. काही ठिकाणी वाळूखाली जांभ्याचा किंवा खाडीच्या जुन्या चिकण गाळाचा थर लागतो, आणि तो वरच असेल तर पाणी आणखी लवकर वर येते. दीड एकरात या तिन्ही अवस्था सापडू शकतात. म्हणून नमुना एकाच खड्ड्यातून घेतलेला असेल, तर अहवालावर फार विसंबू नये, असे माझे मत आहे.

आपण जमीन बहुधा उन्हाळ्यात पाहिली असेल. त्या काळात विहिरीचे पाणी खाली गेलेले असते आणि वाळू तापून मोकळी झालेली असते, त्यामुळे तीच जमीन उत्तम निचऱ्याची वाटते. पावसाळ्यात पाणी कुठवर चढते हे तेव्हाही ओळखता येते, मात्र त्यासाठी गिरमिटाने किंवा पहारीने किमान सव्वा मीटर खोल खड्डा घ्यावा लागतो आणि त्याच्या भिंतीचे रंग सकाळच्या उजेडात, माती किंचित ओली करून पाहावे लागतात. वरचे २० ते ३० सेंटिमीटर पालापाचोळ्यामुळे करडे असतात. त्याखाली एकसारखा पिवळसर किंवा तपकिरी रंग दिसला तर तिथपर्यंत हवा खेळते आहे असे समजावे. पुढे ज्या खोलीवर राखाडी ठिपके सुरू होतात आणि त्यांच्या कडेने किंवा जुन्या मुळांच्या नळ्यांभोवती तांबूस गंजासारख्या रेषा दिसतात, ती खोली मोजून टिपून ठेवावी. पाणी साचले की मातीतील प्राणवायू सूक्ष्मजीव संपवतात, त्यानंतर लोह विरघळून सरकते आणि मागे राखाडी वाळू उरते. पाणी उतरल्यावर जिथे हवा पोहोचते तिथे तेच लोह पुन्हा गंजाच्या रूपात बसते. हे ठिपके अर्धा मीटर ते एक मीटर या पट्ट्यात सुरू होत असतील तर अहवालातील शेरा जमिनीशी जुळतो, आणि ३० सेंटिमीटरवरच दिसले तर जमीन अहवालापेक्षा ओली आहे. एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. शुद्ध पांढऱ्या वाळूत लोहच अत्यल्प असते, त्यामुळे ती कितीही काळ पाण्यात राहिली तरी तिच्यात ठिपके उमटत नाहीत. तशा वाळूत ऑगस्ट महिन्यात जवळच्या विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजणे हाच खात्रीचा उपाय आहे. व्यवहार त्यासाठी पावसाळ्यापर्यंत लांबवावा लागला तरी लांबवावा.

निचरा सुधारण्याबाबत आपल्याकडचे ठोकताळे तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. कृष्णाकाठच्या क्षारपड आणि पाणथळ जमिनीत आपण भूमिगत सच्छिद्र पाइप टाकतो आणि त्यांचे पाणी ओढ्यात किंवा नाल्यात सोडतो, कारण तो नाला शेतापेक्षा पुरेसा खोल असतो. किनाऱ्याच्या सपाटीवर पाणी सोडायला खालची जागाच अनेकदा नसते. खाडीला जोडणारा खोल चर खणला, तर ओहोटीला त्यातून पाणी बाहेर जाते आणि भरतीला तेवढेच खारे पाणी आत येते. म्हणून तिथे पाणी खाली उतरवण्यापेक्षा झाड वर उचलावे, म्हणजे गादीवाफे किंवा मातीचे उंचवटे करून त्यांवर लागवड करावी. वरचे पाणी लवकर निघून जावे यासाठी उथळ चर पुरेसे असतात.

खाऱ्या पाण्याचा विषय निघालाच आहे, तर विहिरीबद्दल लिहितो, कारण आपल्याकडील माणूस तिथे सर्वांत मोठे नुकसान पंपाने करून घेतो. किनारी वाळूत पावसाचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. दोन्ही पाण्यांच्या घनतेतील फरकावरून असा हिशेब निघतो की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. याचा दुसरा अर्थ असा की उपशामुळे ती पातळी अर्धा मीटर उतरली तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे २० मीटर वर सरकू शकते. त्यामुळे तिथे खोल बोअर घेण्याऐवजी रुंद आणि उथळ विहीर घ्यावी, मोठ्या अश्वशक्तीची मोटार बसवू नये, आणि पाणी थोडे थोडे उपसावे. पाण्याचा नमुना एप्रिल-मे महिन्यांत घेऊन त्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यात क्षार किती आहेत हे, तपासावी. पावसाळ्यानंतर लगेच घेतलेला नमुना गोडच निघतो आणि त्यावरून काहीच निर्णय करता येत नाही.

आता पाणी धरून ठेवण्याबद्दल. आपल्या भारी काळ्या जमिनीचा एक मीटर थर पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी धरतो, तर वाळूमिश्रित जमिनीचा तेवढाच थर ६० ते ८० मिलिमीटर धरतो. भाजीपाल्याची मुळे वरच्या ३० सेंटिमीटरमध्येच असतात, म्हणजे त्यांच्या वाट्याला २० मिलिमीटरच्या आसपास पाणी येते, आणि त्यातील निम्मे संपले की पीक माना टाकू लागते. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडून जात असेल तर ही बेगमी दोन दिवस पुरते. वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी ओल, येण्यासाठी आपण पावसानंतर चार-सहा दिवस थांबतो, तिथे तो काही तासांत येतो आणि तितक्याच लवकर जातो. आठवड्याला एकदा पाटाने भरपूर पाणी देण्याची सवय तिथे पूर्ण सोडावी लागेल. ठिबक लावले तरी तोट्यांमधील अंतर आपल्याकडच्यापेक्षा कमी ठेवावे, कारण वाळूत थेंब आडवा पसरत नाही, सरळ खाली जातो. संच एकदम चार तास चालवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवावा. याच ठिकाणी मध्यम निचरा उपकारक ठरतो. पावसाळा संपल्यावर भूजल हळूहळू उतरत असताना खोल मुळांच्या झाडांना त्याचा ओलावा काही महिने मिळत राहतो, आणि उंचवट्यावरच्या अति निचऱ्याच्या वाळूत तो मिळत नाही.

अन्नद्रव्यांची गोष्टही पाण्यासारखीच आहे. काळ्या मातीची कॅटायन विनिमय क्षमता, म्हणजे पालाशसारखी अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद, १०० ग्रॅम मातीमागे ४० ते ६० मिलिइक्विव्हॅलंट असते, तर वाळूची बहुधा ५ पेक्षा कमी असते, म्हणून पालाशसुद्धा तिथे धुपून जाते. नत्राचे तर विचारूच नये. जूनमध्ये युरियाचा एकच मोठा हप्ता देणे म्हणजे तो विहिरीत टाकण्यासारखे आहे. खत लहान हप्त्यांत, शक्यतो ठिबकमधून आणि मुख्यतः जोराचा पाऊस ओसरल्यावर द्यावे. सामूचा (मातीच्या आम्ल-विम्लतेचा, म्हणजे pH चा) अंदाज बांधू नये, तो मोजावा. जांभ्यावरून वाहून आलेल्या मातीत तो आम्ल असतो, आणि शंखशिंपल्यांचा चुरा असलेल्या वाळूत उलट बाजूला झुकतो. शेणखत, हिरवळीसाठी ताग आणि जमिनीवर जाड आच्छादन, यांवर आपण आपल्याकडे जेवढा खर्च करतो त्याहून अधिक खर्च तिथे दरवर्षी करावा लागेल, कारण उष्ण आणि दमट हवेत वाळूतील सेंद्रिय पदार्थ टिकत नाही.

पिकांमध्ये माझी पहिली पसंती नारळाला आहे. माडाला वाळू चालते, हलता भूजलसाठा आवडतो आणि थोडा खारेपणाही तो सोसतो. चांगल्या पोयट्याच्या जमिनीत एक मीटर लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा घेतात, पण वाळूत तो पाऊण मीटरपेक्षा मोठा घेऊ नये. तळाशी नारळाच्या सोडणांचे दोन थर, पोकळ बाजू वर करून, रचावेत म्हणजे ओल टिकते. पाणी फार वर येत असेल तिथे खड्डा न घेता मातीच्या उंचवट्यावर रोप लावावे. जागा मोकळी राहिली तर पावसानंतरच्या ओलीवर कुळीथ, चवळी, भुईमूग किंवा कलिंगड घेता येते. हापूस आणि काजू यांचा मोह अनेकांना होतो, पण ती दोन्ही झाडे मुळाशी साचलेले पाणी सोसत नाहीत. ती जांभ्याच्या उतारावर लावावीत, किंवा आपल्या जमिनीचा एखादा कोपरा खरोखर उंच असेल तर तेवढ्यापुरती ठेवावीत. नारळाची रोपे आणि जातींबाबतचा सल्ला रत्नागिरीजवळ भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात मिळेल. आंबा-काजूसाठी वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र तर आपल्या जमिनीच्या जवळच आहे. ही दोन्ही केंद्रे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची आहेत, आणि तिथे जाताना सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत खड्ड्यातील प्रत्येक थराची माती वेगवेगळ्या पिशवीत भरून, वर खोली लिहून न्यावी.