क्रूझच्या शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, ते कसं असतं? ठेवाव्याच लागतात का?
सक्ती नसते. केबिनमध्ये नंबरचे किंवा रंगाचे टॅग येतात, ते लावून बॅग रात्री सांगितलेल्या वेळेआधी दाराबाहेर ठेवायची, क्रू घेऊन जातो आणि सकाळी टर्मिनलमध्ये त्याच नंबरखाली मिळते. पण पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि सकाळी घालायचे कपडे (चपला पण!) आधी बाजूला काढा, कारण बॅग एकदा गेली की उतरेपर्यंत हाती लागत नाही. सामान कमी असेल किंवा लवकरची फ्लाइट असेल तर सेल्फ डिसएम्बार्केशन बरं, आपल्या बॅगा आपणच उचलून लवकर उतरायचं, फक्त लिफ्टला तेव्हा तुफान गर्दी असते. आणि हो, बिल रात्रीच तपासा, सकाळी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर मोठी रांग लागते.