उर्दू माध्यमातील मुलांना इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकवावेत?

प्रश्न : मालेगावातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवते. मुलांना पाठ समजतो, व्याकरणही बऱ्यापैकी येते. परंतु बोलताना ती उर्दू मुहावऱ्यांचे शब्दशः इंग्रजी करतात. वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून घेतल्या, तरी त्या बोलण्यात उतरत नाहीत. काय करावे?

उत्तर : याद्या बाजूला ठेवाव्यात आणि मुलांच्या मुहावऱ्यांपासूनच आरंभ करावा. उर्दू घरातील मूल मुहावऱ्यांतच वाढते, आणि हे त्याचे मोठे भांडवल आहे. 'जले पर नमक छिडकना', 'रंगे हाथों पकडना' किंवा 'मगरमच्छ के आंसू' यांच्यासाठी इंग्रजीत जवळजवळ हीच चित्रे असल्यामुळे असे वाक्प्रचार एका तासात हातावेगळे होतात.

वेळ द्यावा तो चित्र सारखे पण अर्थ निराळा असणाऱ्या वाक्प्रचारांना. 'नौकरी से हाथ धो बैठना' म्हणजे नोकरी गमावणे. इंग्रजीतील 'वॉश युअर हँड्स ऑफ' म्हणजे आपण होऊन जबाबदारी सोडून देणे. वडिलांची नोकरी गेली हे सांगण्यासाठी मुलाने 'माय फादर वॉश्ड हिज हँड्स ऑफ द जॉब' असे लिहिले, तर वाचणाऱ्याचा समज होईल की वडिलांनीच कामाकडे पाठ फिरवली. या इंग्रजी वाक्प्रचाराचा खरा जोडीदार उर्दूत 'पल्ला झाडना' आणि मराठीत 'हात झटकणे' हा आहे. मालेगावची मुले मराठी रोज ऐकतात, तेव्हा तिन्ही भाषा फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला संकोच करू नये.

'ईद का चांद' हाही असाच फसवा आहे. तो बऱ्याच दिवसांनी दिसलेल्या माणसाला उद्देशून म्हणतात, जसे आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. 'वन्स इन अ ब्लू मून' मात्र क्वचित घडणाऱ्या गोष्टीविषयी वापरतात, त्यामुळे 'यू आर अ ब्लू मून' हे वाक्य इंग्रजीत अर्थहीन ठरते. अशा भेटीत इंग्रज माणूस 'लाँग टाइम नो सी' किंवा 'आय हॅवन्ट सीन यू फॉर एजेस' असे म्हणतो.

माझ्या मते आपण शाळांतून चित्रमय वाक्प्रचारांना फार महत्त्व देतो. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' मुलांना तोंडपाठ असते, पण आजच्या बोलण्यात ते फारसे ऐकू येत नाही. मुसळधार पावसाला 'इट्स पोअरिंग' पुरते. त्याऐवजी 'रन आउट ऑफ' (संपणे), 'पुट अप विथ' (सहन करणे), 'लुक फॉरवर्ड टू' (आतुरतेने वाट पाहणे) असे साधे क्रियापदसमूह आधी शिकवावेत, कारण दिवसभराच्या बोलण्याचा भार तेच वाहतात. यंत्रमागावरील सूत संपले, तर 'वी हॅव रन आउट ऑफ यार्न' हे वाक्य कारखान्यात वाढलेल्या मुलाला समजावून सांगावे लागणार नाही.

आठवड्याला चार-पाच वाक्प्रचार पुरेत. मुलांनी प्रत्येकाचे एक वाक्य घर, बाजार किंवा कारखान्यातील प्रसंगावर रचावे, जोडीने संवादात बोलून दाखवावे, आणि तो वाक्प्रचार कोणापुढे वापरू नये हेही वहीत लिहावे. 'किक द बकेट' (मरणे) मित्रांच्या गप्पांत चालेल, सांत्वनाच्या पत्रात नव्हे. परीक्षेतही जोड्या लावण्याऐवजी प्रसंग द्यावा आणि त्यावर मुलाला दोन ओळी बोलायला लावावे.