पानाखालचा मजकूर
(कागदपत्रं तपासणाऱ्या आणि छापणाऱ्या पत्रकारांचे प्रश्न)

प्रश्न (बीड) : माहिती अधिकारात पाणीपुरवठा योजनेची ३४० पानांची पीडीएफ मिळाली. पानं स्वच्छ वाचता येतात, पण गावाचं नाव शोधलं की काहीच सापडत नाही. गाव तर समोर दिसतंय!

उत्तर : तुम्ही वाचता ते पानाचं रूप. शोध चालतो तो त्याखालच्या मजकुराच्या थरात. आधी तो थर कसा आहे ते बघा. एक ओळ निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळ निवडलीच जात नसेल, तर ते नुसतं स्कॅन आहे. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी आली, तर फाइल कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. आपल्याकडच्या सरकारी कागदांत हे सर्रास आढळतं. मराठीच आलं, पण ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी आणि जोडाक्षरं तुटलेली असतील, तर फाँट युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) आहे, मात्र पीडीएफ बनताना अक्षरांची जुळणी बिघडली आहे.

तिन्हींवर इलाज एकच : नव्याने ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं. ‘ओसीआरमायपीडीएफ’ हे मोफत साधन आपल्याच संगणकावर चालतं आणि आतून टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर वापरतं. टेसरॅक्टचा मराठीचा भाषासंच वेगळा बसवावा लागतो. भाषा म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्ही द्या, कारण निविदेच्या कागदांत दोन्ही असतात. ‘फोर्स ओसीआर’ हा पर्याय लावायला विसरू नका. नाहीतर पानाखाली आधीच मजकूर आहे हे पाहून साधन तिथेच थांबतं किंवा ते पान सोडून पुढे जातं, आणि खिचडी तशीच राहते. पानं तिरकी असतील तर ‘डेस्क्यू’ही लावा. स्वतः स्कॅन करणार असाल तर ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवा.

एवढं करूनही चुका राहतात. ‘ख’चा ‘रव’ होतो, अनुस्वार गळतो, १ आणि ९ यांची अदलाबदल होते, शिक्का बसलेल्या ओळी तर वाचल्याच जात नाहीत. म्हणून गावाचं नाव दोन-तीन प्रकारे शोधा, गट क्रमांक १२७ असेल तर तो इंग्रजी आकड्यांतही शोधा. ओसीआरने दिलेली रक्कम मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कधीही छापू नका.

प्रश्न (सांगली) : खर्चाचे तक्ते एक्सेलमध्ये हाताने उतरवतोय. सोपा मार्ग?

उत्तर : टॅब्युला, पीडीएफमधले तक्ते बाहेर काढणारं साधन. ते ब्राउझरमध्ये उघडतं, पण चालतं आपल्याच संगणकावर, त्यामुळे फाइल बाहेर जात नाही. रेघा आखलेल्या तक्त्याला ‘लॅटिस’, बिनरेघांच्या तक्त्याला ‘स्ट्रीम’ निवडा. नुसतं स्कॅन त्याला वाचता येत नाही. मिळालेली सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडलीत तर देवनागरीचा कचरा दिसू शकतो. ‘डेटा’ टॅबमधून यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडून आत घ्या. शेवटी प्रत्येक रकान्याची बेरीज छापील बेरजेशी ताडून पाहा. फरक आला तर बहुधा दोन ओळी एकत्र झालेल्या असतात.

प्रश्न (पणजी) : लाभार्थ्यांची यादी वाचकांना दाखवायची आहे. आधार आणि खाते क्रमांकांवर काळ्या पट्ट्या टाकल्या. एवढं पुरे?

उत्तर : नाही. पट्टी वर बसते, खालचा मजकूर जागेवरच राहतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदात नेमकं हेच झालं. पत्रकारांनी काळा भाग कॉपी-पेस्ट केला आणि झाकलेलं सगळं वाचलं. तिथे अडचणीत आले ते वकील आणि अशील. तुमच्या यादीत एखाद्या विधवेचं बँक खातं आहे.

मूळ फाइल वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि प्रतीवर काम करा. पट्ट्या पूर्ण अपारदर्शक टाका, प्रत्येक पान पीएनजी चित्र म्हणून काढा, त्या चित्रांची नवी पीडीएफ बनवा आणि मग तिच्यावर ओसीआर करा. आता सगळं निवडून नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि झाकलेला एक क्रमांक शोधून पाहा. फाइलचं नाव, गुणधर्मांतलं लेखकाचं नाव आणि बुकमार्कही तपासा. कागदावर मार्कर फिरवून स्कॅन करू नका. उजळपणा वाढवला की अक्षरं वर येतात. धूसर करणंही टाळा, आकडे ओळखता येतात.

झाकायचं काय? आधार, खाते आणि मोबाइल क्रमांक, सह्या. लैंगिक अत्याचार पीडितांची आणि गुन्ह्याशी संबंधित बालकांची ओळख तर कायद्यानेच उघड करता येत नाही. एकच नाव पान ४ वर झाकून पान ६१ वर राहून जातं, ही नेहमीची चूक.

प्रश्न (पुणे) : बातमीसोबत कागद ठेवायला गूगल ड्राइव्हची लिंक चालेल का?

उत्तर : चालेल, पण वाचक शेकडो पानांत हरवेल. डॉक्युमेंटक्लाउड हे संकेतस्थळ याच कामासाठी २००९ मध्ये सुरू झालं. आता ते मक्‌रॉक ही अमेरिकी ना-नफा संस्था चालवते. पत्रकार म्हणून पडताळणी झाल्यावर कागद चढवता येतात. नेमक्या ओळीला चौकट करून टीप जोडा आणि तेवढाच तुकडा बातमीत बसवा. वाचकाने त्यावर टिचकी मारली की मूळ पान उघडतं. चढवताना फाइल ‘खासगी’ ठेवा, आणि ओसीआर, झाकणं, टिपा सगळं झाल्यावरच ‘सार्वजनिक’ करा. एकदा कुणी उतरवून घेतलेली फाइल परत घेता येत नाही.

नाव गुप्त ठेवायचं असलेल्या माणसाने कागद दिला असेल, तर तो इंटरनेटवरच्या कुठल्याच सेवेवर चढवू नका. अशा वेळी आयसीआयजे या शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं ‘डेटाशेअर’ हे कागदपत्रांत शोध घेण्याचं साधन आपल्या संगणकावर बसवून शोध घ्या. आणि स्कॅन जसंच्या तसं छापू नका : अनेक रंगीत लेझर प्रिंटर पानावर फिके पिवळे ठिपके उमटवतात, त्यांतून प्रिंटरचा अनुक्रमांक आणि छपाईची वेळ कळते. जून २०१७ मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्याचा जो फुटलेला अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच्या पानांवर असे ठिपके होते. अशा वेळी मजकूर स्वतः टाइप करून द्या.