एंजल सिटी हा महिला फुटबॉल क्लब कोणी सुरू केला?

अभिनेत्री नॅटली पोर्टमन, गुंतवणूकदार कारा नॉर्टमन आणि उद्योजिका ज्युली उरमन या तिघींनी. जुलै २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या या क्लबची घोषणा झाली, तेव्हा हाताशी एकही खेळाडू नव्हती. रेडिटचे सहसंस्थापक अलेक्सिस ओहानियन यांनी पैसा घातला, मिया हॅमसारख्या नामवंत माजी खेळाडूही भागीदार झाल्या. मला सगळ्यात भावतं ते हे, की प्रायोजकांच्या रकमेतला १० टक्के वाटा समाजकार्याला द्यायचं त्यांनी ठरवून टाकलं.

अमेरिकेच्या एनडब्ल्यूएसएल (नॅशनल विमेन्स सॉकर लीग) या महिला फुटबॉल लीगमध्ये संघ २०२२ साली उतरला. घरच्या मैदानावर लीगचा पहिलाच सामना, २२ हजार प्रेक्षकांनी खच्चून भरलेलं स्टेडियम, आणि तिसऱ्याच मिनिटाला व्हेनेसा जिलचा गोल! सामना २-१ असा जिंकला.